यानाला दोनदा सूट

क्लासमधली मुलं तिला टकटक आत्या म्हणत. खरं नाव घरातसुद्धा कोणी घेत नसे. दादा ‘अगं’ म्हणायचा, वहिनी ‘वन्सं’ म्हणायची, आणि त्या दोन हाकांवर दोघांचं इतकं व्यवस्थित भागत होतं की तिसरीची गरजच कधी पडली नाही.

घराच्या वरच्या मजल्यावर पूर्वी एक मोठा दिवाणखाना होता. दादाने नोकरी सोडून क्लास काढला तेव्हा त्यात प्लायवूडचा पडदा घातला. पुढे बेंच, फळा आणि पंखे, मागे ती. तिच्या वाट्याला एक पलंग, एक टेबल, देवाच्या तसबिरीपुरती एक फळी आणि मागच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या चादरी दिसतील अशी खिडकी एवढं आलं. प्लायवूड इतकं पातळ की पलीकडे कोणी शिंकलं तर हिने ‘सत्य’ म्हणावं.

त्याआधी ती शाळेत शिकवत होती. गणित आणि विज्ञान, नऊ वर्षं. मग वडिलांचं एक अंग गेलं. दादाला नोकरी होती, वहिनीच्या कडेवर मूल होतं. “तुझं काय, तू एकटीच,” असं दादा म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. तिला पटलं का, हे कोणी विचारलं नाही. वडील अकरा वर्षं अंथरुणावर होते. ते गेले तोवर शाळेत तिच्या जागेवर आलेली बाई मुख्याध्यापिका व्हायच्या रांगेत उभी होती.

तेव्हापासून ती दादाच्या गाइडमधली उत्तरं लिहीत होती. भौतिकशास्त्राची सोडवलेली गणितं, दरवर्षी नवी आवृत्ती. मुखपृष्ठावर दादाचं नाव आणि आत सगळीकडे हिचं अक्षर, तेही छपाईत गेल्यावर पुसलेलं. विचारलंच कोणी तर दादा म्हणे, “बहीण घरीच असते, शुद्धलेखन बघते.”

टकटकीची गोष्ट पहिल्या वर्षांतली. दादाला फळ्यावर लिहिताना मोठ्याने बोलायची सवय. ही मागे भाजी निवडत बसलेली असे. त्याच्याकडून चिन्ह उलटं पडलं, एकक राहिलं, की ही बोटाच्या पेराने प्लायवूडवर दोनदा वाजवी. दादा थांबे. “बघू बरं, पाठीमागून काय आज्ञा झाली,” म्हणे, चूक शोधे, मुलं हसत, तोही हसे. वीस मुलं होती तेव्हाची ही गोष्ट.

पुढे मुलं शंभरावर गेली. कोपऱ्यावर दादाचा हात बांधून उभा असलेला फोटो लागला. एके दिवशी त्याने जेवताना सांगितलं, “ते वाजवणं आता बंद कर. लोक कोणाकडे बघून मुलं पाठवतात, माझ्याकडे की भिंतीकडे?”

“भिंतीला कोण फी देतंय,” वहिनी म्हणाली.

हिने वाजवणं बंद केलं. चार वर्षं पलीकडे काय वाटेल ते झालं तरी हिचा हात भिंतीला लागला नाही. ‘टकटक’ नाव मात्र एका तुकडीकडून दुसरीकडे जात राहिलं, ऐकलेली मुलं संपली तरी.

मग अभ्यासक्रमात नवा धडा आला, विशेष सापेक्षता. वेगाने जाणारं अवकाशयान, लांबचा तारा, पृथ्वीवरचं घड्याळ आणि यानातलं घड्याळ. दादाने हे चाळीस वर्षांपूर्वी परीक्षेपुरतं वाचून परीक्षेबरोबर सोडून दिलं होतं. त्याने पुस्तक हिच्या टेबलावर टाकलं. “चाळीस गणितं कर. महिनाभरात.”

तिला तो धडा आवडला. पहाटे देवापुढे हात जोडून झाले की ती टेबलाशी बसे. सगळ्यांचा वेळ सारखा नाही, ज्याचं त्याचं घड्याळ ज्याच्या त्याच्या चालीने चालतं, हे वाचून पुष्कळ जण बिचकतात. तिला त्यात बिचकण्यासारखं काही दिसलं नाही. वडिलांच्या खाटेजवळची अकरा वर्षं आणि खालच्या मजल्यावरची अकरा वर्षं सारखी नव्हती, एवढं तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्याने सगळ्यांना एकच घड्याळ दिलं नाही त्याने विचार करूनच दिलं नसेल, असं म्हणून तिने पेन्सिलला टोक काढलं.

सतरावं गणित सोपं होतं. तारा आठ प्रकाशवर्षांवर. यानाचा वेग प्रकाशाच्या ऐंशी टक्के. यानातल्या माणसाचा पोचायला किती काळ जाईल? तिने दोन बाजूंनी सोडवलं. पृथ्वीवरून बघणारा म्हणतो, आठाला शून्य दशांश आठने भागा, दहा वर्षं लागली; पण त्या वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं, दहाच्या शून्य दशांश सहा पट, म्हणजे सहा वर्षं. यानातला म्हणतो, माझं घड्याळ ठणठणीत आहे, अंतरच त्याच पटीत आकसलंय. आठाचं झालं चार दशांश आठ, त्याच वेगाने सहा वर्षं. दोघांची भाषा वेगळी, उत्तर एक. तिने खाली दोन रेघा ओढल्या.

दादाने तिची पानं वरवर पाहिली आणि वर्गात गेला. त्याचं शिकवणं युक्त्यांचं होतं, मुलांना तेच आवडे. त्या दुपारी ही खिडकीशी उशांचे अभ्रे शिवत होती. पलीकडून आवाज आला.

“हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? सेल लागलाय असं समजा. यानात बसलात की दोन सवलती. एक, अंतर आकसतं. दोन, घड्याळ मंदावतं. शहाणं गिऱ्हाईक काय करतं? दोन्ही सवलती घेतं. अंतर झालं चार दशांश आठ. भागिले शून्य दशांश आठ, सहा. आता दुसरी सवलत. गुणिले शून्य दशांश सहा. उत्तर तीन दशांश सहा वर्षं. लिहा.”

सुई तिच्या हातात तशीच राहिली. शंभर पेनं कागदावर सरसरली. गप्प बसावं असं तिने ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण हाताने ऐकलं नाही. तिने दोनदा वाजवलं.

पलीकडे पेनं थांबली. मग मागच्या बेंचवरून कोणीतरी “टकटक आत्या” म्हणालं आणि अख्खा वर्ग हसत सुटला.

दादा हसला नाही. “मागे सुतारकाम चाललंय,” तो म्हणाला. “तीन दशांश सहा. दोनदा अधोरेखित करा.”

रात्रीच्या जेवणाला पहिला घास गिळायच्या आत त्याने सुरुवात केली. “तुला काय सिद्ध करायचं होतं?”

“दादा, दोन्ही घेता येत नाहीत. एक सवलत पृथ्वीवाल्याची आहे, एक यानवाल्याची. शिंप्याने कापड आधीच भिजवून आटवून घेतलं आणि वर पुन्हा आटेल म्हणून माप वाढवलं, तर सदऱ्याचं काय होईल?”

“मी शिंपी नाही.”

“नाही ना. म्हणून भागाकार करून बघ. यानातल्याला अंतर चार दशांश आठ. तुझ्या हिशेबाने वेळ तीन दशांश सहा. भागलंस तर वेग प्रकाशाच्याही वर जातो. सव्वापटीहून जास्त.”

“जेवताना मला भागाकार शिकवू नकोस.”

“वन्संना वर्ग हवाय,” वहिनी आमटी वाढताना कोणाकडेही न बघता म्हणाली. “मागच्या खोलीत जीव रमत नाही त्यांचा.”

“मला उत्तर बरोबर हवंय.”

“उत्तर काय, उद्या आम्ही चुलीत घातलं तरी तुम्हाला जेवायला इथेच आहे ना.”

ती ताट घेऊन उठली.

दादाने एकट्याने बसून भागाकार केला असता तर बहुधा त्याला कळलं असतं. त्याची बुद्धी अधू नव्हती. पण शंभर मुलं हसली होती, आणि ते हसू त्याच्या छातीत कुसळासारखं बसलं होतं. हिने न वाजवता संध्याकाळी कानात सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ‘काल एक गंमत केली होती’ म्हणून त्याने दुरुस्त केलं असतं. ते तिलाही कळत होतं. त्या दोन ठोक्यांनी तिने चूक पक्की करून ठेवली होती. प्रुफं आली तेव्हा सतराव्या गणितातलं तिचं सगळं उत्तर खोडून त्याने आपल्या पायऱ्या लिहिल्या, आणि प्रुफं तिला न दाखवताच छापखान्यात पाठवली.

मार्गशीर्ष असो की आषाढ, परीक्षा कोणाच्या रागाकरता थांबत नाही. प्रवेशपरीक्षेची पहिली फेरी झाली. त्यात नेमकं तसंच गणित आलं, आकडेसुद्धा तेच. चार पर्याय होते: दहा, सहा, चार दशांश आठ, तीन दशांश सहा. पेपर काढणाऱ्याला ही चूक कोणकोण करतं ते चांगलं माहीत असावं. दादाच्या क्लासमधल्या एकशेबारा मुलांपैकी सत्त्याण्णव जणांनी तीन दशांश सहावर खूण केली. चुकीच्या उत्तराला गुण वजा होते. निकाल लागला तेव्हा काही मुलं दुसऱ्या फेरीच्या यादीच्या अगदी काठावर आली, काही काठाखाली गेली.

रविवारी सकाळी दहाला पालक आले. टकटक ऐकलेल्या मुलांना दादाने मुद्दामच बोलावलं नव्हतं. ती मागे टेबलाशी बसलेली. बेंच सरकल्याचे आवाज, खाकरणं, आणि मग एका भरड्या आवाजाच्या माणसाने विषय काढला. तो प्लंबर होता. त्याची मुलगी अर्ध्या गुणाने खाली गेली होती.

“सर, पोरगी म्हणते पुस्तकातच चुकीचं आहे. आता आम्ही काय समजायचं?”

दादाचा तो मऊ आवाज आला, जो ती लहानपणापासून ओळखत होती. काचेचं भांडं फोडून तो आईसमोर असाच उभा राहायचा.

“तुमच्यापासून काय लपवायचं. पुस्तकातली उत्तरं माझी बहीण लिहिते. एकटी आहे, कुठे जाणार, म्हणून मी ते काम तिला दिलं. तिच्यावर विश्वास टाकला, तपासलं नाही. चूक झाली असेल तर ती विश्वासाची.”

सतरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच चारचौघांत सांगितलं की उत्तरं ती लिहिते.

ती उठली. पदर सारखा केला. तसबिरीकडे बघून एकदा डोळे मिटले. काय मागितलं ते तिलाच ठाऊक. जिन्याच्या बाजूने फिरून ती वर्गाच्या दारात आली. चाळीस-पन्नास माणसं मुलांच्या बेंचवर गुडघे दुमडून बसली होती. वहिनी दाराशीच चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

“वन्सं, मागे जा,” वहिनी हलकेच म्हणाली.

ती फळ्याकडे गेली. “तुमच्या मुलांनी काय करायला हवं होतं ते पाच मिनिटांत दाखवते,” म्हणून तिने खडू उचलला. शाळा सोडल्यावर इतक्या वर्षांनी हातात खडू आला होता. पहिली रेघ वाकडी गेली. पण तिने दोन्ही बाजू मांडल्या, एक पृथ्वीवाल्याची, एक यानवाल्याची. दोन्हीकडे सहा आले. मग बाजूला तीन दशांश सहा लिहून भागाकार केला आणि म्हणाली, “हे खरं असेल तर हे यान प्रकाशाच्या पुढे पळतंय. तसं काही पळत नाही. परीक्षेत उत्तर आलं की अंतर आणि वेळ एकाच माणसाची घ्यायची आणि भागून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.”

प्लंबरने मान तिरकी करून फळा वाचला. त्याला सापेक्षता येत नव्हती, पण भागाकार येत होता.

“म्हणजे बाई, तुम्हाला येतंय की. मग पुस्तकात चुकीचं कशाला लिहिलंत?”

सगळे तिच्याकडे बघत होते. दादाही. त्याच्या नजरेत विनंती नव्हती, धमकीच होती. ‘माझ्याकडून चुकून झालं’ एवढं म्हटलं असतं तर खोली राहिली असती, ताट राहिलं असतं, टेबल राहिलं असतं.

“पुस्तकासाठी मी सहाच लिहिलं होतं,” ती म्हणाली. “ते बदललं. मी नाही बदललं.”

“खोटं बोलते आहे,” दादा म्हणाला.

“पुरावा आहे का काही?” मागून एका बाईने विचारलं.

“नाही. माझी पानं छापखान्यातून परत आली नाहीत.”

उत्तर सहा आहे हे तिने फळ्यावर दाखवलं होतं. तीन दशांश सहा कोणी लिहिलं हे फळ्यावर दाखवता येत नव्हतं. बेंचवर कुजबुज सुरू झाली. एकाने म्हटलं, भावाच्या अन्नावर जगून भावालाच तोंडघशी पाडायचं. दुसरी म्हणाली, काहीतरी असल्याशिवाय बाईमाणूस असं चारचौघांत बोलत नाही. प्लंबर उठून उभा राहिला.

“तुमचं घरचं भांडण घरात करा. माझ्या पोरीला फेरतपासणीत गुण मिळाले तर तीन आठवड्यांनी दुसरी फेरी आहे. हा धडा पुन्हा कोण शिकवणार, एवढं सांगा.”

“मी शिकवीन,” दादा म्हणाला.

“तुम्ही एकदा शिकवलाय की सर,” प्लंबर म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

“ती या वर्गात पाय ठेवणार नाही.”

“तुमच्याकडे किती जण बसतील?” तिने प्लंबरला विचारलं.

तो चक्रावला. “माझ्याकडे? गाळा आहे. पाइप बाजूला सारले तर दहा-बारा.”

लोक गेल्यावर वहिनीने सगळे कप गोळा केले, फळा पुसला, आणि मग म्हणाली, “बुधवारपर्यंत खोली लागेल आम्हाला. वर्ग वाढवायचाय.”

“दादा म्हणाला?”

“त्यांनी कशाला म्हणायला हवं.”

मंगळवारीच ती गेली. प्लंबरच्या गाळ्याच्या माळ्यावर एक खोली होती, आधी त्यात जुने नळ आणि शॉवर पडलेले असत. खाली, लोखंडी पाइपांच्या रांगांमधल्या जागेत, एका बाजूला वॉशबेसिनची खोकी रचून तिने दहा मुलांना बसवलं. एकशेबारांपैकी दहाच आली. बाकीच्यांनी सर ते सर म्हणून तिथेच राहायचं ठरवलं, आणि त्यांना दोष द्यावा असं तिलाही वाटलं नाही. प्लंबरसुद्धा काही गोड बोलत नसे. “पोरगी पास झाली नाही तर बाई, माळा मला परत लागेल,” हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. फेरतपासणीत मुलीला एक गुण वाढून मिळाला. दुसऱ्या फेरीत तिचं यान नीट पोचलं. माळा राहिला.

वर्ष उलटलं. दादाच्या गाइडची नवी आवृत्ती दुकानात आली. प्लंबरची मुलगी आता मोठ्या कॉलेजात जात होती, पण नव्या तुकडीला मदत म्हणून अधूनमधून येई. ती एक प्रत घेऊन आली आणि सतरावं गणित उघडून पुढे केलं.

“आत्या, हे वाचा.”

तिने चष्मा चढवला. उत्तर सहा वर्षं झालं होतं. वरच्या पायऱ्या मात्र सगळ्या जुन्याच होत्या. शेवटची ओळ होती: सहा गुणिले शून्य दशांश सहा बरोबर सहा.

मुलगी हसून खोक्यावर लवंडली. तिलाही हसू आलं, पण अर्ध्यावर थांबलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर, दादाच्या नावाखाली, बारीक अक्षरात एक नवी ओळ होती. ‘उत्तरलेखन’, आणि पुढे तिचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दादाने ते कुठेही कधीच लिहिलं नव्हतं.

“तुमचं नाव टाकलंय की,” मुलगी म्हणाली.

“हो. आता सहा गुणिले शून्य दशांश सहा बरोबर सहा असं मी म्हणते.”

त्या संध्याकाळी तिने एका कागदावर चार ओळींत सतरावं गणित सोडवलं. वर काही लिहिलं नाही, खाली सही केली नाही. मुलीच्या हाती तो कागद दादाकडे पाठवला. मुलगी परत येऊन म्हणाली, “काकूंनी दारातच घेतला. आत या म्हणाल्या नाहीत.”

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या वर्गाच्या मध्यावर, दादा गाळ्याच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. केस जास्त पांढरे झाले होते. हातात तो कागद होता. मुलं त्याला ओळखत होती. कोपऱ्यावरच्या फोटोतला माणूस असा पाइपांपाशी उभा बघून त्यांनी पेनं खाली ठेवली.

“हे कोणी मागितलं होतं?” तो म्हणाला.

“कोणी नाही.”

“मग कशाला पाठवलंस?”

“पुस्तकात माझं नाव आहे.”

त्याने कागद डोळ्यांजवळ धरला. “दुसरी ओळ. अंतर कोणाचं घेतलंयस?”

“यानातल्याचं.”

“आणि तिसऱ्या ओळीत वेळ?”

“त्याचाच.”

मुलांनी बघितलं, त्याचे ओठ हलत होते; आकडे मनात मांडताना तो लहानपणापासून असाच ओठ हलवायचा. तिने त्याला बसायला खोकं पुढे केलं नाही, आणि तोही बसला नसता.

“पृथ्वीवाला दहा म्हणतो, त्याचं काय?”

“त्याचं त्याच्यापाशी. त्याचं अंतर आठ, वेळ दहा. भागून बघ, वेग तोच येतो.”

त्याने भागून बघितलं असावं. मग कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि सदऱ्याच्या खिशात सरकवली.

“तुझा चार अजून पाचासारखाच दिसतो,” तो म्हणाला. “छापखान्यातला माणूस चुकेल. नीट काढत जा.”

आणि मुलांकडे न बघता, तिच्याकडेही न बघता, दारातला नळाचा तुकडा पायाने बाजूला सारून तो निघून गेला.